आजोबांच्या डब्यातली जुनी नाणी: साफ करावीत की तशीच ठेवावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या मागे पत्र्याचा एक डबा निघाला, त्यात साठेक जुनी नाणी आहेत. तांब्याची काळी-तपकिरी, चांदीची काळवंडलेली, काहींवर हिरवं आलेलं, दोन-तीन नाण्यांवर मातीचा कडक थर. त्यातलं तांब्याचं एक नाणं तुम्ही चिंचेनं घासून पाहिलं, ते गुलाबी-नारिंगी झालं आणि आता त्याच्याकडे बघून चुकचुकल्यासारखं होतंय. बाकीची साफ करावीत का, करायची तर कशानं, आणि नाही केली तर ती आणखी खराब होतील का?

आधी एवढंच करा की काही करू नका. नाणी एका स्वच्छ सुती कापडावर सुटी-सुटी पसरा आणि हात आवरा. जे नाणं कित्येक वर्षं काळं होतं, ते आणखी महिनाभर काळं राहिल्यानं काही बिघडत नाही. याला एकच अपवाद. एखाद्या नाण्यावर फिकट, जवळजवळ पांढुरकी हिरवी भुकटी दिसत असेल आणि काडीचा स्पर्श होताच ती सुटत असेल, तर ते नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं काढून कोरड्या डबीत ठेवा. ते का, हे पुढे सांगतो.

मी तीसेक वर्षं नाणी जमवतोय आणि त्यातली बरीच वर्षं इतरांची नाणी बघून, तपासून देतोय. माझ्यासमोर आलेल्या बिघडलेल्या नाण्यांपैकी निम्म्याहून जास्त नाणी कुणीतरी मायेनं घासून बिघडवलेली होती. म्हणून या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर द्यायला माझं मन धजत नाही.

नाण्यावर आपल्याला जे ‘घाण’ म्हणून दिसतं ते तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी काहीतरी असतं. वरून बसलेला मळ: धूळ, हाताचं तेल, डिंक, मेण, माती. धातूनं स्वतः धरलेला थर: तांब्याचा तपकिरी-काळा-हिरवा रंग, चांदीचा काळेपणा. आणि रोग, म्हणजे धातूला आतून खात जाणारी प्रक्रिया. मळ काढायला हरकत नाही, थराला हात लावू नये, आणि रोग दिसला तर मात्र गप्प बसू नये. सगळी मेख आहे ती यातलं कुठलं काय हे ओळखण्यात.

तांब्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या हातून जे झालं ते तिथेच झालं. टांकसाळीतून निघालेलं तांब्याचं नाणं नारिंगी-लाल असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर आधी क्युप्राइट नावाचा लालसर तपकिरी थर येतो, पुढे काळपट ऑक्साइड बनतं, आणि जमिनीत किंवा दमट जागी राहिलं तर मॅलाकाइटचा हिरवा थर चढतो. या थरातलं तांबं बाहेरून आलेलं नसतं, ते नाण्याचंच असतं. अक्षराच्या उंचवट्यावर जे तांबं होतं त्याचंच आता क्युप्राइट झालेलं असतं आणि अक्षराचा मूळ आकार त्या थरात टिकून असतो. थर विरघळवला की अक्षराची वरची कातडीच सोलली जाते. शिवाय हा थर घट्ट आणि एकसंध असेल तर तो खालच्या धातूचं रक्षणही करतो. यालाच संग्राहक पॅटिना म्हणतात. गडद चॉकलेटी किंवा गुळगुळीत शेवाळी पॅटिना असलेलं नाणं जाणकार मुद्दाम शोधत असतात.

चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक आणि व्हिनेगरमध्ये ॲसेटिक. तिन्ही आम्लं तांब्याचं ऑक्साइड विरघळवतात. ते विरघळलं की खाली उरतो तो सूक्ष्म खड्ड्यांनी भरलेला उघडा धातू, आणि त्याचा रंग नव्या नाण्याचा नसतो. तो कच्चा गुलाबी रंग ज्यानं एकदा नीट पाहिला तो पुन्हा कधीच फसत नाही. पितळेच्या नाण्याचं तर याहून वाईट होतं. आम्ल आधी जस्ताला खातं, तांबं मागे राहतं आणि पिवळ्या नाण्यावर गुलाबी चट्टे उमटतात. भांडी आपण अशीच लख्ख करतो, त्यामुळे हात आपोआप चिंचेकडे जातो. पण भांड्यावर वाचण्यासारखं काही नसतं. नाण्याचं सगळं सांगणं त्याच्या पृष्ठभागावरच्या मिलिमीटरभर उंचीत मावलेलं असतं.

घासण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण ‘मी तर फक्त मऊ कापडानं पुसलं’ असं सांगणारे फार भेटतात. कठीणपणाच्या मोस मापावर चांदी आणि सोनं अडीच ते तीन, तांबं तीनच्या आसपास आणि क्वार्ट्‌झ सात. साध्या धुळीत क्वार्ट्‌झचे बारीक कण असतातच. कापड कितीही मऊ असलं तरी ते हे कण नाण्यावरून फिरवत असतं. टूथपेस्ट, राख, भांड्यांची पावडर आणि खाण्याचा सोडा यांत तर घासणारे कण ओतप्रोत भरलेले असतात. नाणं एका बाजूनं येणाऱ्या दिव्याखाली धरा आणि हळूहळू तिरकं करत जा. घासलेल्या नाण्यावर केसाइतके बारीक, एकमेकांना समांतर किंवा गोल गोल फिरलेले ओरखडे चमकून उठतात. यांना हेअरलाइन म्हणतात. वापरामुळे पडलेले ओरखडे वेडेवाकडे, वेगवेगळ्या खोलीचे आणि उंचवट्यांवर जास्त असतात. पुसल्याचे ओरखडे मोकळ्या जागेत एकाच दिशेनं धावतात.

न वापरलेल्या नाण्याची मूळ झळाळी, जिला लस्टर म्हणतात, ती तर एकदा गेली की कायमची. दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून काठाकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य त्रिज्यारेषा तयार होतात. नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाशाचा एक पट्टा गोल फिरतो, तो या रेषांमुळे. आम्लात बुडवल्यावर किंवा पॉलिश केल्यावर या रेषा झिजतात. नंतर नाणं चकचकीत दिसेलही, पण पट्टा फिरणार नाही. ती चमक स्टीलच्या चमच्याची असते.

किमतीबद्दलही तुमच्या मनात असेलच. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी प्रतवारी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लावली गेली. नाणी पारखून प्रत ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि नाणं पारखून सीलबंद डबीत देण्याची पद्धत रुळली. बेतालपणे साफ केलेल्या नाण्याला या कंपन्या सहसा अंकातली प्रत देत नाहीत. ‘तपशील अमुक दर्जाचा, पण साफ केलेलं’ असा शेरा मारतात. बाजारात अशा नाण्याला तशाच न छेडलेल्या नाण्यापेक्षा बरीच कमी किंमत येते. पण माझ्या दृष्टीनं किमतीपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा १७८० सालचा थालर घ्या. २८.०७ ग्रॅमचं हे चांदीचं नाणं राणीच्या मृत्यूनंतरही पिढ्यानपिढ्या तेच साल घालून वेगवेगळ्या टांकसाळींत पाडलं गेलं. त्यामुळे सालावरून काहीच कळत नाही. कुठलं कुठे पाडलं हे राणीच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसं बघून ठरवावं लागतं. कुणी असा थालर पॉलिश करून माझ्यापुढे ठेवला की नेमके तेच मोती सपाट झालेले असतात आणि नाण्याला त्याचं गाव परत देता येत नाही.

चांदीचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, रबर, लोकर, हलका कागद आणि पुठ्ठा यांतलं गंधक चांदीशी जुळून हा थर बनतो. थर अगदी पातळ असतो तेव्हा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दिसतात: आधी सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, आणि थर जाड झाला की काळा. असे रंग सावकाश, एकसारखे चढलेलं नाणं फार देखणं असतं. माझ्याकडचं एक रुपयाचं नाणं वर्षानुवर्षं कागदाच्या पुडीत राहिलं होतं. त्याच्या काठावर निळ्या रंगाची बारीक कड आणि मध्ये जुन्या मधासारखा रंग आहे. ते चकचकीत करून देतो म्हणणारे मला दोनदा भेटलेत.

चांदीसाठी घरोघरी सुचवला जाणारा उपाय म्हणजे ॲल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि सोडा. दागिन्याला किंवा ताटाला तो एक वेळ ठीक आहे. यात गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, म्हणून सडक्या अंड्याचा वास येतो. चांदी परत मिळते हे खरं, पण ती खरबरीत आणि सच्छिद्र होऊन मिळते. नाणं पांढरट, निर्जीव दिसतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर काळं पडतं. बाजारात चांदीसाठी ‘डिप’ मिळतं, त्यात आम्ल आणि थायोयुरिया असतं. ते सल्फाइडबरोबर नाण्याची चांदीही किंचित नेतं. एकदा, क्षणभर, अनुभवी हातानं केलं तर कदाचित खपून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लस्टर संपलेला असतो. तुम्ही ते विकत घेऊ नका.

मग करता येण्यासारखं काय? दोनच गोष्टी, आणि दोन्हींत घासणं नाही.

पहिली डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणून ते नको. तांबं, कांसं, चांदी आणि सोनं यांची नाणी काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, काही तास किंवा रात्रभर. पाणी गढूळ झालं तर बदला. वाटीच्या तळाशी नाणी एकमेकांवर पडू देऊ नका. बाहेर काढल्यावर टिपकागदानं किंवा न छापलेल्या टिश्यूनं वरून नुसतं टिपा. पुसायचं नाही हे मी पुन्हा सांगतोय, कारण शेवटच्या मिनिटाला हात आपोआप पुसायला जातो.

दुसरी शुद्ध ॲसिटोन. तेल, डिंक, चिकटपट्टीचा गोंद, वार्निश आणि प्लॅस्टिकचा चिकटा हे सगळं त्यात विरघळतं, पण धातूच्या थराला ते सोडवत नाही. म्हणजे मळ जातो आणि पॅटिना राहतो, जे आपल्याला हवंय. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात पाणी, रंग, सुगंध आणि तेलं मिसळलेली असतात. भांडं काचेचंच घ्या, प्लॅस्टिकचं विरघळेल. दोन वाट्या ठेवा: पहिलीत नाणं काही मिनिटं बुडवा, मग दुसरीत ताज्या ॲसिटोनमध्ये खळखळून काढा. तसं केलं नाही तर पहिलीत विरघळलेला मळ वाळताना पुन्हा नाण्यावर पातळ पापुद्र्यासारखा बसतो. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही, हातात हातमोजे. ॲसिटोन फार पटकन पेट घेतं. रंग किंवा मिना चढवलेल्या नाण्यांना आणि पदकांना ते लावू नका.

हे दोन्ही करून नाणं काळंच राहिलं तर त्याचा अर्थ ते काळं असणंच बरोबर आहे.

आता हिरव्या रंगाबद्दल, जिथे खरं तर सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. घट्ट, गुळगुळीत, नखानं न निघणारा हिरवा थर हा बहुतेक वेळा मॅलाकाइट असतो आणि त्याला घाबरण्याचं कारण नाही. दुसरा हिरवा चिकट असतो, शेवाळासारखा, बोटाला लागणारा. नाणं मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलं असेल तर हा पीव्हीसीचा चिकटा. पीव्हीसी मऊ करण्यासाठी घातलेली द्रव्यं कालांतरानं पाझरतात, त्याबरोबर आम्लही सुटतं आणि ते तांब्याला खाऊ लागतं. यावर ॲसिटोन उत्तम चालतं, जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला तर चिकटा जातो, पण खाली कोरलेले खड्डे राहतात.

तिसरा हिरवा म्हणजे रोग. इंग्रजीतल्या नावावरून आपल्याकडेही त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. जमिनीतलं मीठ, समुद्राचं पाणी किंवा घाम यांतलं क्लोराइड तांब्याशी जुळून नाण्याच्या आत, पॅटिनाच्या खाली, क्युप्रस क्लोराइड म्हणून लपून राहतं. ते कोरडं असेपर्यंत शांत असतं. हवेतली ओल वाढली की ऑक्सिजनच्या साथीनं त्याची फिकट हिरवी भुकटी बनते आणि शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल ताज्या तांब्यावर चालून जातं, त्यातून पुन्हा क्लोराइड बनतं आणि चक्र चालू राहतं. क्लोराइड किंवा तांबं, दोन्हींपैकी काहीतरी संपेपर्यंत, नाहीतर ओल तोडेपर्यंत ते थांबत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. फार पूर्वी मी एक छोटं रोमन कांस्य नाणं घेतलं होतं. सम्राटाच्या मुकुटाशेजारी सुईच्या टोकाएवढा फिकट ठिपका होता. मला तो पॅटिनाचाच भाग वाटला. नाणं अल्बममध्ये गेलं, कपाट बंद झालं, दमट महिने आले आणि गेले. पुन्हा पान उघडलं तेव्हा त्या ठिपक्याच्या जागी खड्डा होता, खाली पिठासारखी हिरवी भुकटी पडली होती आणि लेखातली दोन अक्षरं नाहीशी झाली होती. त्या दोन अक्षरांवरूनच टांकसाळ ठरत होती. तेव्हापासून दमट हवा संपली की मी सगळी तांब्याची नाणी एकदा भिंगाखाली घालतो.

शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे. घट्ट झाकणाच्या डबीत एका कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्यानं ओला केलेला कापूस ठेवा, दुसऱ्या बाजूला नाणं, दोघांचा स्पर्श नको. एक-दोन दिवसांत ताजी फिकट भुकटी उमलली तर रोग जागा आहे. अशा नाण्याची भुकटी काटकीनं हलके सोडवा, मग नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदलत राहा. यात काही आठवडे जाऊ शकतात. नंतर ॲसिटोनमध्ये बुडवून आतलं पाणी घालवा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डबीत कायमचं ठेवा. डबीतली सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या खाली राहिली की क्लोराइड आत असलं तरी निपचित पडून राहतं. संग्रहालयांच्या प्रयोगशाळेत अशा नाण्यांना बेंझोट्रायाझोलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवतात. तांब्याशी त्याचं संरक्षक कवच तयार होतं. ते द्रव्य अंगाला बरं नाही आणि काम निर्वात उपकरणात करावं लागतं, म्हणून ते घरी करू नका. मोलाचं नाणं असेल तर ते सरळ संवर्धकाच्या हाती द्या. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांच्या द्रावणाचा उपायही तुमच्या कानावर येईल. तो क्लोराइड ओढून घेतो हे खरं, पण बरेचदा पॅटिनाचा रंग बदलतो, म्हणून मी तो शेवटी ठेवतो.

तुमच्या डब्यातल्या मातीच्या थराच्या नाण्यांसाठी नियम थोडा वेगळा आहे, आणि इथे मला ‘कधीच साफ करू नका’ म्हणणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. जमिनीतून निघालेलं प्राचीन नाणं जसं निघतं तसं बहुधा वाचताच येत नाही. संग्रहालयांत दिसणारी सातवाहनांची, क्षत्रपांची किंवा रोमनांची बहुतेक नाणी कधी ना कधी साफ केलेलीच आहेत. फरक कुणी आणि कसं केलं याचा आहे. १८८८ मध्ये बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी फ्रीड्रिख राटगेन या रसायनशास्त्रज्ञाला नेमून प्रयोगशाळा सुरू केली, आणि त्या काळी विजेच्या साहाय्यानं, रसायनांनी गंज उतरवून थेट धातूपर्यंत जाण्याची पद्धत होती. त्यात किती तपशील वाहून गेला हे नंतरच्या पिढ्यांच्या लक्षात आलं. आज संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली बसून स्काल्पेल, बांबूची काडी किंवा साळिंदराचा काटा वापरतो आणि मूळ पृष्ठभागापाशी येऊन थांबतो. काटा का, तर तो मातीपेक्षा कणखर आणि धातूपेक्षा मऊ असतो. मधेच कधी मातीच्या थरात कापडाच्या विणीचा ठसा उमटलेला सापडतो. ज्या पिशवीत नाणी पुरली होती ती पिशवी कुजून गेलेली असते आणि तिचं उभं-आडवं सूत तेवढं हिरव्या क्षारात उरलेलं असतं. असा ठसा ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत जातो.

म्हणून त्या दोन-तीन नाण्यांना डिस्टिल्ड पाण्यात दोन-चार आठवडे भिजवा, अधूनमधून भिंगाखाली काडीनं सुटेल तेवढीच माती सोडवा, आणि काडी अडली की थांबा. जैतुनाच्या तेलात महिनोन्‌महिने भिजवण्याचा जुना उपाय अजून सांगितला जातो. त्या तेलात थोडं आम्ल असतंच आणि ते सावकाश पॅटिनाही नेतं. बॅटरीची तार जोडून विजेनं साफ करणं तर पूर्ण टाळा. चांदीचं प्राचीन नाणं असेल तर बोटात दाबूही नका. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी कणांच्या सीमांवर कुरतडली गेलेली असते आणि बिस्किटासारखी मोडते.

बाकी धातूंचं झटपट सांगतो. सोन्याला ॲसिटोनपलीकडे काही लागत नाही, मात्र ते मऊ असल्यानं घासल्याची शिक्षा त्याला सर्वांत जास्त होते. शिशाचं नाणं, सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत, डिस्टिल्ड पाण्यात बुडवू नका. शुद्ध पाणी शिशाला खातं. त्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती हुंगू नका, हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. ती विषारी आहे. ॲल्युमिनियमच्या हलक्या नाण्यांना सोड्याचं पाणी लागू देऊ नका, अल्कलीनं ती कोरली जातात. लोखंड किंवा जस्ताच्या मुलाम्याची नाणी, उदाहरणार्थ १९४३चा अमेरिकी स्टील सेंट, पाण्यापासूनच दूर ठेवा. या सेंटवर पुन्हा नवा मुलामा चढवून विकणारे पुष्कळ आहेत. अतिशय पांढरं, काठ बुजल्यासारखं दिसलं तर सावध व्हा.

सांगायचं राहू नये म्हणून इथेच लिहितो: पॅटिना बनावटही असतो. ओतीव नकलेवर हिरवा-काळा रंग लावून ती जुनी करतात. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन काठाच्या एका कोपऱ्यात टेकवा. रंग बोळ्यावर उतरला तर तो काळानं चढवलेला नाही.

जपणुकीकडे वळू, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. साफ न करता ठेवलेलं नाणं खराब होत नाही; चुकीच्या जागी ठेवलेलं होतं. पत्र्याचा डबा बाद करा, त्यात नाणी एकमेकांवर आपटतात आणि डबा स्वतः गंजतो. मऊ, पारदर्शक, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पाकिटं पीव्हीसीची असतात. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्या प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे. हे मोकळ्या हवेत आणि अर्थातच ॲसिटोन दूर ठेवून करा. मायलार (म्हणजे पॉलिएस्टर), पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीनच्या कडक कॅप्सूल सुरक्षित. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घेतलेत तर त्यांच्या स्टेपलच्या पिना पक्कडीनं चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर त्या ओरखडे काढतात. नाणं बाहेर काढताना आधी पिना काढा. होल्डर फाडून नाणं ओढताना पिनेनं सरळ चेहऱ्यावर रेघ मारलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. रबरबँड, लोकरीचं कापड, मखमल आणि वर्तमानपत्र यांना चांदीच्या जवळ येऊ देऊ नका. लाकडी खणात, विशेषतः ओकच्या, आम्लाची वाफ सुटते आणि शिसं त्यात पांढरं होऊन झडतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या रंग बदलल्या की बदला किंवा तापवून वाळवा. नाणं नेहमी काठाला धरून उचला, खाली मऊ कापड अंथरून. आणि उघड्या नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा अदृश्य थेंब पुढे काळा ठिपका होऊन उमटतो.

नाणी नव्या जागी ठेवण्याआधी मात्र एक काम करा, ते मला साफसफाईपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, एक सरळ आणि एक तिरक्या प्रकाशात. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये, आणि वरची बाजू सरळ धरून नाणं उलटं केल्यावर मागच्या चित्राचा माथा कुठल्या दिशेला येतो ते घड्याळाच्या आकड्यानं लिहा, जसं बाराकडे किंवा सहाकडे. नाण्याबरोबर कागदाची पुडी, चिठ्ठी, आजोबांच्या हातची एखादी नोंद असेल तर ती त्या नाण्याच्या क्रमांकासह जपा, पण वेगळ्या पाकिटात, कारण जुन्या कागदात आम्ल असतं. कुठलं नाणं कुठल्या नाण्यांसोबत एका पुडीत होतं हेही टिपा. नाणी वेगळी झाली की ही माहिती पुन्हा कुठूनही मिळत नाही. त्यातली मातीची दोन-तीन नाणी जमिनीतून सापडलेली असतील, तर आजोबांना ती कुठे मिळाली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा. जमिनीतल्या सापडीबद्दल बहुतेक देशांत कायदा आहे, तो बघूनच पुढचं पाऊल टाका.

आता तुमचं गुलाबी नाणं. ते पुन्हा काळं करण्यासाठी गंधक लावा, अंड्याच्या पिवळ्या बलकाजवळ ठेवा, असले सल्ले मिळतील. ते करू नका, थर डागाळलेला आणि खोटा येतो. त्यात चिंचेचा आंबटपणा उरला असेल तर आधी तो घालवायला हवा. डिस्टिल्ड पाण्यात एक दिवस ठेवा, दोनदा पाणी बदला, टिपा, ॲसिटोनमधून काढून पूर्ण वाळवा. मग ते कॅप्सूलमध्ये न ठेवता कागदी पाकिटात, गंधकमुक्त कागद मिळाला तर उत्तम, कोरड्या खणात ठेवून द्या. काही महिन्यांत गुलाबी रंग मावळून फिकट तपकिरी यायला लागेल, काही वर्षांत तो गडद होईल. पूर्वीचा पॅटिना तो नसेल, पण त्याचा स्वतःचा असेल. पाकिटावर आजची तारीख आणि ‘चिंचेनं साफ केलेलं’ एवढं लिहून ठेवा, म्हणजे पुढे ज्याच्या हातात ते जाईल त्याला त्या रंगाचं कारण कळेल. बाकीच्या नाण्यांचे फोटो काढून झाले आणि त्यात फिकट भुकटीचं एखादं निघालं, तर त्याचा जवळून घेतलेला फोटो आणि वजन मला पाठवा. आधी ते बघू.